बँडवाल्यांना शनिवारीच सांगा

प्रश्न : आमच्या गल्लीत श्रावणात कानबाई, म्हणजे आमची खान्देशातली देवी, रविवारी बसते आणि सोमवारी तिचं विसर्जन असतं. गेल्या वर्षी विसर्जनाला बँड सुरू झाला आणि शेजारच्या ताईंचा अकरा वर्षांचा मुलगा कान दाबून रस्त्यातच आडवा पडला. त्याला ऑटिझम आहे. बायांनी गराडा घातला, कुणी म्हणालं ‘पोऱ्याले नजर लागनी’, कुणी तोंडावर पाणी मारलं. त्या दिवसापासून ताई हळदी-कुंकवालाही येत नाहीत. यंदा दोघांनी यावं असं आम्हाला मनापासून वाटतं. काय करावं?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : ताई, पत्र वाचताना मला आमचं धुळ्याचं घर दिसत होतं. माझा धाकटा भाऊ स्वमग्न आहे, म्हणजे त्यालाही ऑटिझम आहे, आज सेहेचाळीस वर्षांचा. आम्ही लहान होतो तेव्हा हा शब्दही घरात कुणाला ठाऊक नव्हता. ढोल वाजला की तो माजघरात धान्याच्या कोठीमागे जाऊन बसे. पण कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू दळायला नेले, की हाच मुलगा गिरणीच्या पत्र्याला तळहात लावून उभा राही. डोळे मिटलेले, पापण्यांवर पीठ. हलवलं तरी हलायचा नाही. गिरणीचा आवाज काय कमी असतो? पण तो एकसुरी असतो, आणि गिरणीवाला पट्टा चढवताना भावाला समोर दिसे. बँड न सांगता अंगावर येतो. मला हे उमगायला फार वर्षं लागली, आणि तोवर आम्ही त्याला ‘सगळ्यांसारखा राहा’ म्हणून खूप रडवलं.

म्हणून आधी त्या शेजारच्या ताईंच्या घरी जा. एकट्याच जा, चार जणी नकोत. गेल्या वर्षीचं चुकलं एवढं म्हणा आणि विचारा, ‘त्याला काय आवडतं, काय सोसत नाही?’ त्या नको म्हणाल्या तर तेही ऐकून घ्या.

यायला तयार झाल्या, तर शनिवारी संध्याकाळी मुलाला रिकामी जागा दाखवा. चौरंग इथे, बाया इथे बसतील, सोमवारी मिरवणूक या बाजूने निघेल. तेही दोन-तीन वाक्यांतच. बँडवाल्यांशी बोलून ठेवा : सुरुवात गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, पहिला ठोका हळू, आणि त्याआधी मुलाला हात वर करून खूण. रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकरला कायद्यानेच मर्यादा आहे. जागरणाची गाणी स्पीकरशिवाय जास्त गोड लागतात, हे माझं मत.

जवळच्या एका घराची खोली उघडी ठेवा. पंखा, पाणी, चटई. तिथे त्याने तासभर बसावं, परत यावं, न यावं. ‘आता बरं वाटतं का रे?’ असं दर पाच मिनिटांनी कुणी विचारू नये. कानाला मोठे हेडफोन असले तर पोरांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे ती ओढणार नाहीत. रोट खाल्ला नाही, पाया पडला नाही, नजरेला नजर दिली नाही, तर आग्रह नको. माझा भाऊ आजही रोटाला तोंड लावत नाही, कोरडी पोळी खातो. कानबाई काही रुसलेली नाही.

आणि तरीही तो आडवा पडला तर? आईला जवळ राहू द्या, बाकीच्यांनी चार पावलं मागे व्हा. उचलू नका, पाणी नको, मोबाइल तर नकोच. मिरवणूक थांबवायला एकच माणूस नेमा. पाच मिनिटं बँड थांबला म्हणून विसर्जन राहत नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत, त्यांत स्वमग्नताही आहे. ‘आईने लाडावून ठेवलाय’ म्हणणाऱ्या काकूंना हे जरूर सांगा. पण बँडवाल्यांचं शनिवारीच उरकून घ्या; रविवारी सकाळी त्यांना ऐकायला वेळ नसतो.