आईचा आजार माझ्यातही येईल का?

प्रश्न : आईला ७४व्या वर्षी अल्झायमरचं निदान झालं. परवा तिने निवडलेली मेथी केरात टाकली आणि देठं धुऊन कढईत घातली. मी ५१ वर्षांची आहे. जनुकांची तपासणी करून घेऊ का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. माझ्या सासूबाईंचंही असंच व्हायचं, म्हणून ती कढई डोळ्यांसमोर आली.

या आजारात मुख्यतः दोन प्रथिनं बिघडतात. अमायलॉइड मेंदूच्या पेशींबाहेर साचतं. टाऊ एरवी पेशीतल्या सूक्ष्म नळ्यांना आधार देतं. बिघडलं की सुटतं आणि उसवलेल्या लोकरीसारखा त्याचा आतच गुंता होतो. लक्षणं दिसण्याच्या १५-२० वर्षं आधीपासून हे चालू असतं.

आता तुमची भीती. एपीपी, प्रीसेनिलिन १ आणि २ या जनुकांतला दोष आई-वडिलांकडून थेट येऊ शकतो, पण असे रुग्ण शंभरात एकही नसतात आणि त्यांना आजार बहुधा पासष्टीच्या आतच गाठतो. तुमच्या आईचं तसं दिसत नाही. एपीओई ४ या जनुक-प्रकाराची एक प्रत असेल तर धोका साधारण दुप्पट-तिप्पट होतो, तरी ती असलेल्या कितीतरी जणांना आजार होतच नाही. म्हणून सध्या तपासणी नको, असं मी मनापासून सांगेन. त्यापेक्षा रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवा, कान तपासून घ्या.

आणि आईला मेथी निवडू द्या. फक्त देठांचं ताट तिच्यासमोरून आधी उचला.