नर्सिंगनंतर हेल्थ डिप्लोमसीचा कोर्स करावा का, की ते अनुभवाने येतंच?

तुम्ही विचारलंय की बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहात, पुढे ग्लोबल हेल्थ डिप्लोमसी, म्हणजे आरोग्याच्या प्रश्नांवर देशादेशांत होणाऱ्या वाटाघाटी, आणि वेगळ्या भाषा-संस्कृतीच्या पेशंटशी कसं बोलायचं याचा कोर्स करावासा वाटतोय, पण घरचे म्हणतात हे अनुभवाने आपोआप येतं, पैसे कशाला घालवायचे. मी पेडण्याकडची, गोव्यात सरकारी हॉस्पिटलात १९ वर्षं स्टाफ नर्स आहे. घरच्यांचं म्हणणं अर्धंच खरं आहे कारण अनुभवाने चुकीच्या सवयीपण पक्क्या होतात, माझ्या झाल्या होत्या.

आमच्या ओपीडीत एका सकाळी कोकणी, मराठी, हिंदी, कन्नड सगळं कानावर पडतं, सीझनमध्ये मोरजीकडून रशियन पण येतात. माझी पद्धत काय, तर ज्याला भाषा येते त्याला पुढे करायचं. एकदा बांधकामाच्या साइटवरची एक बाई आली, गदगकडची, कन्नड सोडून काही येत नव्हतं, बरोबर दहा-अकरा वर्षांचा मुलगा, तो इथल्याच शाळेत जातो त्यामुळे फाडफाड बोलायचा. मी त्याला विचारायचे, तो आईला, आणि उत्तर एकच यायचं, पोटात दुखतं. तीनदा गोळ्या घेऊन गेली. चौथ्यांदा मुलाची परीक्षा होती म्हणून एकटीच आली, आमच्याकडे सफाईला असलेल्या मावशी विजापूरच्या, त्यांना आत बोलावलं, तेव्हा कळलं की कित्येक आठवडे अंगावर पांढरं जातंय आणि मधूनच रक्त पण. पोटच्या पोराच्या तोंडून ती हे कसं सांगणार होती सांगा? लगेच बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात पाठवलं, उपचार झाले, बरी आहे, पण मधे गेलेला वेळ माझ्यामुळे गेला आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

नंतर एका ट्रेनिंगला गेले तेव्हा कळलं की हे शिकवता येतं. मुलाला दुभाषा करायचं नाही. दुभाष्याला आधीच बजावायचं की इथलं बोलणं इथेच राहणार. बघायचं पेशंटकडे, दुभाष्याकडे नाही, एका वेळी एकच छोटं वाक्य, आणि शेवटी पेशंटलाच विचारायचं की आता घरी जाऊन गोळी कशी घेणार ते मला सांगा. ऐकायला सोपं वाटतं पण रोल-प्लेमध्ये कुणीतरी बाजूला बसून आपल्याला बघतं ना, तेव्हा लक्षात येतं आपण किती वेळा समोरच्याचं वाक्य मधेच तोडतो. एमबीबीएसला २०१९ पासून यासाठी एटकॉम नावाचं मॉड्यूल आहे, वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद असं तिन्ही मिळून, चांगलंच आहे, फक्त ते वर्गात बसून लेक्चर ऐकून येणार नाही.

त्या ट्रेनिंगमधली सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे काही प्रश्न. आर्थर क्लाइनमन म्हणून मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९७८ मध्ये सहकाऱ्यांबरोबर हे मांडले, तुम्हाला काय वाटतं हे दुखणं कशामुळे आलं, आत्ताच का सुरू झालं, सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते असे. मी हे वॉर्डात मराठी-कोकणीत विचारते. एका आजोबांना डायबिटीस, पायाची दोन बोटं काळी पडलेली, काढायलाच हवी होती, आणि मुलगा सही करेना, म्हणे देवाकडे प्रसाद लावल्याशिवाय नाही, म्हणजे मूर्तीला पाकळ्या लावून कौल मागायचा, उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. आमचे तरुण डॉक्टर भडकलेच, त्यांचंही चूक नव्हतं, विष वर चढत होतं. मी मुलाला बाजूला घेऊन विचारलं भीती कशाची वाटते? तो म्हणाला, ऑपरेशनमध्ये काही झालं तर सगळे चुलते म्हणतील देवाला न विचारता कापलं. म्हणजे त्याचा ऑपरेशनला विरोधच नव्हता, दोष एकट्याच्या डोक्यावर येईल याची भीती होती. मग ठरलं असं की सलाईनमधून औषधं आत्ताच सुरू, चुलत्यांना फोन, प्रसाद उद्या नाही, आज संध्याकाळीच. उजवी पाकळी पडली, दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं, आणि चुलते पण सगळे आले होते. डावी पडली असती तर काय, हे पण आम्ही आधीच बोलून ठेवलं होतं, तीच देवाची मर्जी म्हणून न थांबता पुन्हा विचारायचं असं मुलानेच सांगितलं होतं.

आता जिनिव्हातल्या, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचं मुख्यालय आहे तिथल्या डिप्लोमसीबद्दल. ते फार वेगळं असेल असं मला आधी वाटायचं. २००३ मध्ये उत्तर नायजेरियात कानो वगैरे राज्यांनी पोलिओची लस थांबवली, लशीत मुली वांझ करायचं काहीतरी घातलंय असा संशय, आणि तिथला विषाणू दुसऱ्या देशांत पोचला. नुसतं लस सुरक्षित आहे सांगून भागलं नाही, धर्मगुरूंशी बोलावं लागलं आणि २००४ मध्ये इंडोनेशियात, म्हणजे मुस्लिम बहुसंख्य देशात बनलेली लस आणल्यावर कानोत गाडी पुढे सरकली. गंमत बघा, त्याच इंडोनेशियाने २००७ मध्ये बर्ड फ्लूच्या विषाणूचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेला द्यायचे थांबवले. नमुने आम्ही द्यायचे, त्यातून कंपन्या लस बनवणार आणि ती आम्हालाच परवडणार नाही, हे त्यांचं दुखणं. ते ऐकून घेऊन वाटाघाटी व्हायला २०११ उजाडलं, तेव्हा कुठे नमुने आणि लशीचा वाटा दोन्ही एकाच करारात आले. तिथे बसलेल्या माणसाला विषाणूशास्त्र येऊन पुरत नाही, समोरचा अडून बसलाय तो नक्की काय गमवायला घाबरतोय हे ओळखता यायला हवं, आजोबांच्या मुलाचं होतं तसंच.

तेव्हा कोर्स करा, पण लगेच नको. आधी दोन वर्षं वॉर्डात काढा, जिथे तुमची भाषा न येणारे पेशंट जास्त येतात तिथे ड्यूटी मागून घ्या, गोव्यात असाल तर कामापुरतं कन्नड शिका, दुखतं कुठे, कधीपासून, घरी कोण कोण आहे एवढं तरी. आणि कोर्स निवडताना फी भरण्याआधी एकच विचारा की रोल-प्ले किती तास आहे आणि तो बघायला कोण बसतं. नुसते व्हिडिओ आणि शेवटी सर्टिफिकेट असेल तर ते पैसे राहू द्या.