डावखुऱ्या मुलीसाठी हॉकीची वेगळी स्टिक घ्यावी का? तिचा फटका नीट का बसत नाही?

आपण लिहिले आहे की आपली आठवीतली मुलगी लातूरला शाळेच्या संघात हॉकी खेळू लागली आहे, ती डावखुरी आहे, आइस हॉकीचे व्हिडिओ पाहून तसेच फटके मारते आणि चेंडू एकतर जवळच अडतो किंवा वर उडतो. तेव्हा डावखुऱ्यांची स्टिक कुठे मिळेल, असा आपला प्रश्न आहे. मी परभणीत शाळकरी मुलामुलींना हॉकी शिकवतो, त्या आधारे उत्तर देतो.

तशी स्टिक शोधू नका. मैदानी हॉकीत प्रत्येक स्टिकची सपाट बाजू डावीकडेच असते आणि मागच्या गोलसर बाजूने चेंडू खेळणे नियमबाह्य आहे. त्यामुळे डावा हात वर आणि उजवा खाली, ही पकड सर्वांना सारखीच असते. शिवाय रिव्हर्ससाठी, म्हणजे डावीकडचा चेंडू खेळायला, स्टिक उलटी वळवण्याचे काम वरचा डावा हात करतो आणि उजव्या मुठीत दांडा नुसता फिरतो, म्हणून डावखुऱ्या मुलांचा चेंडूवर ताबा लवकर बसतो, असे मी पाहत आलो आहे. आइस हॉकीत मात्र पात्याच्या दोन्ही बाजू वापरता येतात आणि डावा किंवा उजवा बाक असलेली स्टिक खेळाडू निवडू शकतो. आपला गोंधळ बहुधा तिथूनच झाला असावा.

व्हिडिओंमधला स्लॅप शॉटही इथे उपयोगाचा नाही. त्यात पाते पकच्या (आइस हॉकीतल्या रबरी चकतीच्या) किंचित आधी बर्फावर आदळते, लवचीक दांडा वाकतो आणि सरळ होताना साठलेला जोर पकला देतो. आपल्या मुरमाच्या मैदानावर स्टिक चेंडूआधी जमिनीवर आपटली, तर हाताला झिणझिण्या येतात, खडे उडतात आणि चेंडू जेमतेम दोन हात सरकतो.

हिट मारताना डावा खांदा लक्ष्याकडे असावा, गुडघे वाकलेले असावेत आणि दोन्ही हात दांड्याच्या वरच्या टोकाला एकमेकांना चिकटून असावेत. सर्वांत महत्त्वाची आहे ती चेंडूची जागा: तो पुढच्या डाव्या पावलाच्या रेषेत हवा. तो फार पुढे राहिला, तर स्टिक वर जाताना त्याला लागते आणि तो उडतो. फार मागे राहिला, तर स्टिक वरून खाली येत त्याला जमिनीत दाबते. आपण वर्णन केलेले दोन्ही दोष मला पावलांचे वाटतात, हातांचे नव्हेत. स्टिक उंच उचलल्याने जोर वाढत नाही. मागच्या पायावरचे वजन फटक्याच्या क्षणी पुढच्या पायावर आले, तर वाढतो. उडणारा चेंडू धोक्याचाही असतो: त्याचे वजन १५६ ते १६३ ग्रॅम असते आणि तो दगडासारखा लागतो.

तरीही सुरुवातीचे काही महिने मी तिला पुशच करायला सांगेन. उजवा हात दांड्याच्या मध्यापर्यंत खाली घ्यायचा, स्टिक चेंडूला टेकवायची आणि मागे न नेता ढकलायची. आवाज झाला, तर ती पुश नव्हे, ठोसा झाला. डीच्या (गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या) आतून गोलफळीच्या कोपऱ्यात जाणारी नेमकी पुश शालेय सामन्यांत पुष्कळ गोल मिळवून देते, कारण गोलकीपरला हिटची चाहूल लागते तशी पुशची लागत नाही.

स्टिकची लांबी साधारण कमरेच्या हाडापर्यंत असावी आणि ती हलकी असावी. मुरमावर महागडी कंपोझिट स्टिक झिजते. जालंधर-मेरठकडची लाकडी पुरेशी आहे. ती बहुधा तुतीची असते. जालना-बीडकडे आपण तुती रेशीमकिड्यांना लागणाऱ्या पाल्यासाठी लावतो, पण तिचे लाकूडही चिवट असते.

ड्रॅग फ्लिकचा हट्ट ती धरेलच, कारण भारताच्या हरमनप्रीत सिंगने पॅरिस २०२४ ऑलिंपिकमध्ये १० गोल केले आणि त्याचा तो फटका मोबाइलवर सर्वांनी पाहिला आहे. त्यात वाकून चेंडू अंगामागून ओढत आणावा लागतो आणि सगळा ताण कंबर व पाठीवर येतो, म्हणून वाढत्या वयातल्या मुलांना मी तो शिकवत नाही.