गच्चीवरच्या खुर्च्या : हलक्या हव्यात, पण किती हलक्या?

प्रश्न : आमची गच्ची चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट तिसऱ्यापर्यंतच. वर लोखंडी बाक होता तो गंजून गेला, फरशीवर तांबडे डाग पडलेत ते घासूनही जात नाहीत. आता हलकं काहीतरी हवंय, मी आणि माझी सत्तरीची आई, दोघींनाही उचलता आलं पाहिजे. मुलगा म्हणतो प्लास्टिकच्या खुर्च्या आण आणि मोकळी हो, दुकानदार अ‍ॅल्युमिनियमच्या घ्या म्हणतोय. वारा मात्र भरपूर असतो वर. काय घेऊ?

उत्तर : यावेळी दुकानदाराचं ऐका. तेवढ्याच आकाराचा तुकडा घेतला तर अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं भरतं आणि त्याला तांबडा गंज चढत नाही, म्हणजे डागांची कटकट संपली. फक्त वरून वेतासारखी वीण आणि आत लोखंडी पाइप असाही माल मिळतो, तेव्हा फ्रिजवरचं एखादं लोहचुंबक पर्समध्ये टाकून न्या, फ्रेमला चिकटलं की आत लोखंड आहे. खुर्ची उलटी करून पायांची रबरी बुचंही बघा. माझ्या एका बाकाचं बूच निघालं होतं, म्हटलं लावू नंतर, आणि तो उघडा पाइप ओढून ओढून वॉटरप्रूफिंगच्या थरात घुसला, पावसाळ्यात खालच्या खोलीच्या छताला ओल! दुरुस्ती बाकापेक्षा महाग पडली.

प्लास्टिक वाईट नाही हो, पण बारा महिने उन्हात राहिलं की त्याचा जीव जातो. जुन्या खुर्चीवर तळवा फिरवा, पांढरी पूड हाताला लागली तर ती ठिसूळ व्हायला लागलीय, मागचा पाय पाठीला मिळतो तिथे बारीक चीर आहे का बघा आणि असेल तर आईंना त्यावर अजिबात बसवू नका.

आता वारा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो आणि जी खुर्ची तुम्ही एका हाताने जिन्यावरून नेता ती वाऱ्यालाही तितकीच सोपी, कठडा अडवेल या भरवशावर राहू नका, खाली रस्त्यावर माणसं असतात. म्हणून रंग, डिझाइन सगळं नंतर, आधी रात्री या खुर्च्या कुठे जाणार ते ठरवा. जिन्याच्या खोलीत जागा असेल तर फोल्डिंग घ्या, नसेल तर एकात एक बसणाऱ्या घ्या आणि भिंतीत हुक मारून दोरीने बांधून टाका. पाठ जाळीची असली तर बरं, वारा आरपार जातो, पाणीही साठत नाही.

आईंची खुर्ची वेगळी निवडा. हात असलेली आणि बैठक फार खाली नसलेली, दुकानात त्यांना दोनतीनदा बसवून उठवून बघा, कारण फोल्डिंग खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठताना ती कलंडते का हे घरी आल्यावर कळून उपयोग नाही. आणि काळा रंग नको, दुपारी चटका बसतो.

प्रश्न : गाद्या वरच ठेवल्या तर चालतील का?

उत्तर : वॉटरप्रूफ म्हणून विकतात त्यांच्याही शिवणीतून पाणी आत जातं आणि आतला फोम दिवसेंदिवस ओला राहून कुबट वास मारतो. खाली आणा. जाळीच्या खुर्चीला तशीही गादी लागत नाही.