आधी तारा, मग ग्रह

सप्रेम आशीर्वाद.

ग्रहांच्या शोधासाठी जवळचे लाल बटू तारे (सूर्याहून लहान आणि थंड) निवडलेस, हे उत्तम केलेस. पृथ्वीएवढा ग्रह सूर्यासमोरून गेला तर प्रकाश दहा लाखांत ८४ भाग घटतो. ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या एक-पंचमांश असेल तर हीच घट २५ पट, म्हणजे ०.२ टक्के होते. पण हे तारे डागांनी भरलेले असतात आणि मधूनच भडकतात. म्हणून ग्रह शोधायच्या आधी ताऱ्याचा परिवलनकाळ, म्हणजे स्वतःभोवती एक फेरी घ्यायला लागणारा काळ, काढ.

बर्नार्डचा तारा हा असाच जवळचा लाल बटू, त्याचं गणित वहीत करून बघ. २०१८ मध्ये तिथे २३३ दिवसांत फेरी मारणारा ग्रह जाहीर झाला, मागे वीस वर्षांची निरीक्षणं होती. २०२१ मध्ये दुसऱ्या गटाने ती खूण ताऱ्याच्याच पृष्ठभागावरच्या घडामोडींची असल्याचं दाखवलं. परिवलनकाळ सुमारे १४५ दिवस. १/१४५ मधून १/३६५ वजा कर आणि उत्तर उलटं कर. सुमारे २४० दिवस येतात! तारा वर्षातले ठरावीक महिनेच नीट दिसतो, तो वर्षाचा ताल परिवलनात मिसळतो. आपल्याकडे पावसाळ्यात दुर्बिणी बंद असतात, त्यामुळे माउंट अबूच्या वेधशाळेसारख्या ठिकाणच्या निरीक्षणांत हा धोका जास्तच. सापडलेल्या प्रत्येक काळासाठी ही वजाबाकी-बेरीज कर. सलग रात्रींच्या निरीक्षणांत एका दिवसाचा ताल घेऊनही कर. ताऱ्याच्या वर्णपटातल्या हायड्रोजन-अल्फा रेषेची तीव्रता (ती ताऱ्याच्या घडामोडी दाखवते) त्याच काळाने वरखाली होत असेल, तर ग्रहाचा दावा थांबव.

त्याच ताऱ्याभोवती २०२४ मध्ये ३.१५ दिवसांचा ग्रह सापडला. ग्रहाच्या ओढीने होणारं ताऱ्याचं डुलणं सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर! २०२५ मध्ये ग्रहांची संख्या चार झाली. तारा नीट समजून घेतल्याचं हे फळ आहे.

‘टेस’ या ग्रह शोधणाऱ्या अवकाश दुर्बिणीची निरीक्षणं घेशील तेव्हा दोन मिनिटांची नोंद घे. या ताऱ्यांवरची अधिक्रमणं, म्हणजे ग्रहाचं ताऱ्यासमोरून जाणं, बरेचदा तासाभरात आटोपतात, जुन्या अर्ध्या तासाच्या नोंदीत ती पसरट आणि उथळ दिसतात. वक्र (प्रकाशाचा आलेख) सपाट करताना, म्हणजे ताऱ्याचे संथ चढउतार काढताना, खिडकी (सरासरीचा कालावधी) अधिक्रमणाच्या किमान तिप्पट रुंद ठेव, नाहीतर ग्रहच पुसला जाईल. आणि सपाट करण्यापूर्वीचा वक्र जपून ठेव, परिवलन त्यातच दिसतं. मात्र एका सेक्टरचे (टेस एका वेळी पाहते त्या आकाशपट्ट्याचे) २७ दिवस हळू फिरणाऱ्या ताऱ्यांना पुरत नाहीत, त्यांना जमिनीवरच्या अनेक वर्षांच्या नोंदी लागतात.

टेसचा एक पिक्सेल आकाशात २१ विकलांचा, म्हणजे बराच मोठा, त्यामुळे शेजारचं ग्रहणकारी द्वैती (एकमेकांना झाकणारी ताऱ्यांची जोडी) सहज फसवतं. छिद्राचा, म्हणजे ज्या पिक्सेलांतला प्रकाश मोजतोस त्या भागाचा, आकार बदलून घटीची खोली बदलते का बघ. सम आणि विषम क्रमांकाच्या घटी वेगवेगळ्या काढून त्यांची तुलना कर.

जमिनीवरून मोजताना तुलनेचे तारे जमतील तितके लाल घे. तुझा तारा लाल आणि तुलनेचे निळसर असतील, तर ताऱ्यांच्या आकाशातल्या उंचीबरोबर आणि हवेतल्या बाष्पाबरोबर दोघांचा प्रकाश वेगवेगळा घटतो. मग रात्रभराच्या वक्राला खोटी कमान येते. बाष्पाचे शोषणपट्टे टाळणारा अरुंद फिल्टर मिळाला तर उत्तमच.

पहिल्या ताऱ्याचा परिवलनकाळ निघाला की सपाट न केलेला वक्र मला पाठव, ग्रहाचं नंतर पाहू.