तापाचा आज कितवा दिवस? – संसर्गरोगतज्ज्ञांची प्रश्नोत्तरे

पावसाळा लागला की नाशिक आणि आसपासच्या तालुक्यांतून येणारे बहुतेक प्रश्न तापाचेच असतात. मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात संसर्गरोगाचे डॉक्टर नेमके काय बघतात, काय तपासतात आणि का, हे त्या प्रश्नांच्या ओघात सांगतो आहोत.

प्रश्न : मुलगा 22 वर्षांचा. तिसऱ्या दिवशी विडाल 'पॉझिटिव्ह' आली, म्हणून टायफॉईडची इंजेक्शनं सुरू केली. तीन दिवस झाले तरी ताप आहे. मोठ्या रुग्णालयात नेलं तर म्हणाले, कल्चर आधी करायला हवं होतं. आता पुन्हा रक्त कशाला? (नाशिकरोड)

विडाल जंतू शोधत नाही, शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे मोजते. आपल्याकडे जुना संसर्ग किंवा टायफॉईडची लस यामुळेही ती वाढलेली दिसतात. उलट खऱ्या टायफॉईडमध्ये पहिल्या आठवड्यात ती अनेकदा वाढलेलीच नसतात. एकट्या विडालवर, तीही तिसऱ्या दिवशी, निदान ठरवू नये.

ब्लड कल्चरमध्ये जंतू प्रत्यक्ष वाढवतात. टायफॉईडच्या रुग्णाच्या एक मिलीलिटर रक्तात अनेकदा एखादाच जंतू असतो, म्हणून रक्त जास्त लागते. मोठ्या माणसाच्या प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिली, आणि तेही दोन वेगवेगळ्या ठिकाणी सुई टोचून. लहान मुलांत वजनाप्रमाणे कमी. 'एवढं रक्त काढलं' म्हणून नातेवाईक रागावतात, पण 2 मिली रक्ताचे 'काही वाढलं नाही' हे उत्तर जवळजवळ निरुपयोगी असते.

घोटाळा बहुतेक वेळा रक्त काढतानाच होतो. कातडी अल्कोहोल-क्लोरहेक्सिडिनने पुसून ती पूर्ण वाळू द्यावी लागते, अर्ध्या मिनिटाची तरी वाट बघावी लागते. बाटलीचे रबरी बूचही अल्कोहोलने पुसायचे. यात घाई झाली की कातडीवरचे साधे जंतू बाटलीत जातात आणि रुग्णाला नको ते औषध सुरू होते. दोन ठिकाणचे रक्त घेण्याचे हेही एक कारण आहे : कातडीवरचा जंतू एकाच बाटलीत उगवला तर तो बहुधा बाहेरून आलेला असतो. भरलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही, लगेच प्रयोगशाळेत पाठवायची.

मशिनमध्ये बाटल्या पाच दिवस राहतात. बहुतेक जंतू पहिल्या एक-दोन दिवसांतच इशारा देतात. मग ग्रॅम स्टेन (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणे), जंतूची ओळख, आणि कोणते अँटिबायोटिक लागू पडते त्याची चाचणी. आधी इंजेक्शन पडलेले असेल तर जंतू दबतात आणि कल्चर हाती लागण्याची शक्यता खूप घटते. तुमच्या डॉक्टरांनी तरीही रक्त मागितले, कारण दुसरा काही संसर्ग असेल तर तो सापडायला हवा. लघवी, छातीचा एक्स-रे, मलेरियाची तपासणीही मागतील, ती करून घ्या.

एक दिलासा. टायफॉईड असेल आणि औषध बरोबर असेल, तरी ताप उतरायला चार-सहा दिवस लागतात. तीन दिवसांत ताप गेला नाही म्हणून औषध बदलायची घाई नको. पोटात अचानक तीव्र दुखणे, शौचातून रक्त किंवा गुंगी असेल तर मात्र तडक रुग्णालय गाठा.

प्रश्न : इगतपुरीकडे भाताच्या आवणीनंतर काकांना कडाक्याचा ताप आला, पायाच्या पोटऱ्या दुखतात. डेंग्यू-मलेरिया निगेटिव्ह. डॉक्टरांनी त्यांचे सगळे कपडे काढून तपासलं, आणि रिपोर्ट यायच्या आतच डॉक्सीसायक्लिन दिलं. तुम्ही तर नेहमी म्हणता, तपासणीआधी औषध नको.

तपासणीचे रक्त आधी काढावे, हे खरे. निकालाची वाट बघत औषध थांबवावे, असे आमचे म्हणणे नाही, आणि काकांच्या बाबतीत तर मुळीच नाही. शेतात चिखलात काम, पोटऱ्यांत दुखणे, डोळे लाल किंवा पिवळे असतील तर लेप्टोस्पायरोसिसची शंका येते. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या भेगांमधून तो जंतू शिरतो. बांधावरच्या गवतात-झुडपांत वावर असेल तर स्क्रब टायफस. तो चिगर नावाच्या बारीक कोळीवर्गीय किड्याच्या चाव्यातून होतो.

कपडे काढून बघायचे कारण एक खपली. चाव्याच्या जागी सिगारेटचा चटका बसावा तशी काळी, वाळकी, कडेने लालसर खपली धरते. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रुग्णाला तिचा पत्ताही नसतो. काख, जांघ, कमरेच्या नाडीची जागा, स्तनांखाली, कानामागे, गुडघ्यामागे, अशा झाकलेल्या जागी ती सापडते. ती दिसली की निदान जवळपास पक्के. नाही दिसली तरी स्क्रब नाही असे म्हणता येत नाही, अनेक रुग्णांत ती नसतेच. नुसता शर्ट वर करून पोट दाबणाऱ्या तपासणीत ती हमखास सुटते, आणि हे आम्हाला खटकते.

रक्तातली आयजीएम, म्हणजे ताज्या संसर्गाची प्रतिपिंडे शोधणारी चाचणी साधारण पाचव्या-सहाव्या दिवसानंतरच भरवशाची. तोवर फुप्फुसे किंवा मूत्रपिंडे बिघडू शकतात. म्हणून डॉक्सीसायक्लिन 100 मिलिग्राम दिवसातून दोनदा, साधारण सात दिवस. साध्या स्क्रबमध्ये 48 तासांत ताप उतरतो. नाही उतरला तर निदानाचाच फेरविचार करायचा. गर्भवती असेल तर डॉक्सीऐवजी अझिथ्रोमायसिन देतात. भारतात अनेक रुग्णालयांत मिळून गंभीर स्क्रबच्या जवळपास 800 रुग्णांवर झालेली चाचणी 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ही दोन्ही औषधे शिरेतून एकत्र दिल्यावर एकेकट्यापेक्षा चांगला गुण आला.

काकांना एवढे सांगा : गोळी भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही, नाहीतर अन्ननलिकेत जळजळ होऊन व्रण पडतो. दूध आणि अँटासिडपासून दोन तासांचे अंतर ठेवावे.

प्रश्न : सिडकोत डेंग्यूची साथ आहे. प्लेटलेट 60 हजार झाल्या, पपईच्या पानांचा रस चालू आहे. प्लेटलेट चढवायच्या का?

रक्तस्राव नसेल तर 60 हजारांवर चढवायची गरज नाही. साधारण 10 हजारांखाली आकडा गेला किंवा रक्त वाहू लागले तरच विचार होतो. पपईच्या रसाच्या भरवशावर राहू नका. उलट्या होत असतील तर तो त्रासच वाढवतो.

डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुधा रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपल्याने, आणि तेही ताप उतरताना, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. ताप गेला म्हणून घरचे निर्धास्त होतात, नेमका तोच काळ नाजूक. म्हणून आमची नजर प्लेटलेटपेक्षा हिमॅटोक्रिटवर, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या प्रमाणावर असते. तो मूळ पातळीपेक्षा 20 टक्के वाढला म्हणजे रक्त घट्ट झाले. सतत उलट्या, पोटात दुखणे, हिरड्यांतून रक्त, गुंगी, किंवा चार-सहा तास लघवी न होणे, यातले काहीही दिसले तर रात्र असली तरी निघा. तापाला फक्त पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन-ॲस्पिरिन नाही. डेंग्यूच्या विषाणूचे प्रथिन शोधणारी एनएस1 चाचणी पहिल्या पाच दिवसांत, आयजीएम त्यानंतर. चुकीच्या दिवशीची 'निगेटिव्ह' फसवते.

प्रश्न : वडील दाखल असताना 'अभ्यासात भाग घ्या' म्हणून आठ पानी कागद पुढे केला. आमच्यावर प्रयोग करताहेत का?

प्रयोग आहेच, पण त्याला नियम आहेत. प्रत्येक औषधचाचणीला संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते. त्या समितीत डॉक्टर नसलेली सामान्य व्यक्ती आणि कायद्याची जाणकार व्यक्तीही असावी लागते. 2009 पासून चाचणीची नोंदणी सीटीआरआय या सार्वजनिक नोंदवहीत बंधनकारक आहे, नोंदणी क्रमांक मागून स्वतः बघता येतो. कागद मराठीतच मागा. नेहमीच्या उपचारापेक्षा इथे काय वेगळे होणार, रक्त किती वेळा काढणार, उरलेला नमुना ठेवून पुढे वापरणार का, इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार, एवढे विचाराच. वाचता येत नसेल तर संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो. सही केल्यावर एक प्रत तुमची. 'नाही' म्हणालात किंवा मध्येच बाहेर पडलात तरी नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. सही घाईत मागितली तर उद्या करतो म्हणा. तातडीच्या चाचण्या सोडल्या तर रात्रभर विचार करायला सांगण्यात गैर काही नाही.

प्रश्न : एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. या शाखेत कसं यायचं? दिवसभर काम काय असतं?

आधी एमडी मेडिसिन, मग नीट-एसएस ही प्रवेशपरीक्षा देऊन तीन वर्षांचे डीएम इन्फेक्शस डिसीजेस, म्हणजे संसर्गरोगांची अतिविशेष पदवी. जागा मोजक्या आहेत. आपल्या म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या याद्या दरवर्षी बघत जा.

काम म्हणाल तर स्वतःचे वॉर्ड कमी आणि दुसऱ्यांचे रुग्ण जास्त. सर्जरी, आयसीयू, कर्करोग विभागातून बोलावणे येते. सकाळी मायक्रोबायॉलॉजीत जाऊन जंतू वाढवलेल्या प्लेटा बघायच्या, मग फेरी. प्रत्येक रुग्णाचे अँटिबायोटिक 48 ते 72 तासांनी पुन्हा तपासायचे : कल्चर आले का, अनेक जंतूंवर चालणारे औषध बदलून नेमक्या जंतूपुरते देता येईल का, शिरेतले तोंडावाटे देता येईल का, बंदच करता येईल का. 'बंद करा' हे सांगणे या शाखेतले सगळ्यात अवघड काम, कारण समोरचा सर्जन तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा असतो. कॅथेटर (लघवीची किंवा शिरेतली नळी) आज खरोखर हवे आहे का, हाही प्रश्न तुम्हालाच विचारावा लागतो.

प्रश्न : पंचवटीत कुत्रा चावला. सातव्या दिवसाचा डोस चुकला. पुन्हा पहिल्यापासून घ्यावे लागेल का?

नाही. आजच जाऊन चुकलेला डोस घ्या आणि पुढचे डोस त्याच अंतराने पुढे सरकवा. कातडीत देतात ती लस 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी, दंडाच्या स्नायूत देतात ती 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी. जखमेतून रक्त आले असेल आणि इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडे) राहिले असेल तर ते लसीच्या पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंतच देतात, नंतर नाही. ते जखमेत आणि जखमेभोवतीच भरायचे असते. चावल्याबरोबर साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण 15 मिनिटे धुवायला हवे होते. ते राहिले असेल तर आता धुवा. हळद-मिरची लावू नका, टाकेही शक्यतो लगेच घालू देऊ नका.