नऊ जणींचा रोज आणि 14 लाखांचं मशीन

प्रश्न: जुन्नर तालुक्यात आमची भाजीपाल्याची रोपवाटिका आहे. टोमॅटो, मिरची, झेंडू, कलिंगड मिळून वर्षाला 104 कप्प्यांचे 60 हजार ट्रे जातात. नऊ बाया रोजाने आहेत, रोज 450 रुपये. त्यातल्या काही 11 वर्षांपासून आहेत, दोघी पन्नाशीच्या पुढच्या. आता ट्रेमध्ये कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरण्यापासून बी टाकून झाकण्यापर्यंत सगळं करणारं मशीन घ्यायचं मनात आहे. कोटेशन 14 लाख अधिक 5 टक्के जीएसटी. 10 लाख बँक देते, 11 टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. उरलेले मुलीच्या शिक्षणाच्या एफडीतून काढणार. ती अकरावीला आहे. विक्रेता म्हणतो, नऊ जणींची मजुरी वर्षाला 12 लाख 15 हजार, सव्वा वर्षात मशीन फिटेल. बायको म्हणते, त्या बायांना काय सांगणार? काय करू?

उत्तर: दादा, विक्रेत्याचा गुणाकार बरोबर आहे. नऊ जणींचे दिवसाचे 4,050 गुणिले 300 दिवस, 12 लाख 15 हजारच होतात. फक्त त्याने असं धरलंय की तुमच्याकडच्या बाया वर्षभर बी टाकण्यापलीकडे काही करतच नाहीत. मग ट्रे उचलून शेडनेटमध्ये कोण मांडतं? नांग्या (न उगवलेले कप्पे) कोण भरतं? पहाटे शेतकऱ्याची पिकअप दारात लागली की क्रेट कोण भरतं? ही कामं मशीन आल्यावरही तशीच राहणार.

तेव्हा फक्त बी टाकण्याचा हिशोब धरू. फोनवर तुम्ही म्हणालात, एक बाई दिवसाला 80 ट्रे भरून, टोचून, बी टाकून देते. 60 हजार ट्रेंना 750 रोज लागले, म्हणजे 3 लाख 37 हजार 500. मशीनवर दिवसाला 1,500 ट्रे झाले तर काम 40 दिवसांचं, पण तिथेही तीन माणसं उभी राहतात, म्हणजे 120 रोज. वाचले 630 रोज, रुपयांत 2 लाख 83 हजार 500. बारा लाखांचे पावणेतीन-तीन लाख झाले.

आता दुसरी बाजू. 10 लाखांचा हप्ता महिन्याला 21,742, वर्षाला 2 लाख 61 हजारांच्या आसपास. कॉम्प्रेसर, वीज, नोझल, दुरुस्ती यांचे 40 हजार धरतो, कमीच धरतोय. एफडीतून काढलेल्या 4 लाख 70 हजारांवर 7 टक्क्यांनी बुडणारं व्याज 33 हजार. बेरीज 3 लाख 34 हजार. म्हणजे हप्ते चालू आहेत तोवर दरवर्षी 50 हजार खिशातून. 60 हजारांऐवजी 71 हजार ट्रे गेले तर कुठे तोंडमिळवणी होते. किंवा एका बाईचा रोज 530 रुपयांच्या वर गेला तर. हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवा.

71 हजार सहज होतील असं तुम्हाला वाटत असेल. पण तुमचा धंदा टोमॅटोच्या भावावर झुलतो. जुलै 2023 मध्ये किरकोळ बाजारात टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेला होता आणि सप्टेंबरात शेतकरी तोच माल रस्त्यावर ओतत होते. पहिल्या परिस्थितीत रोपांना रांग लागते, दुसरीत आलेली बुकिंगं रद्द होतात. बँकेचा हप्ता मात्र दोन्ही महिन्यांत तेवढाच.

विक्रेत्याने घसाऱ्यामुळे (मशीनची दरवर्षी घटणारी किंमत खर्चात दाखवून) कर वाचेल असंही सांगितलंय म्हणे. 2008 च्या वित्त कायद्यापासून रोपवाटिकेत वाढवलेल्या रोपांचं उत्पन्न शेतीउत्पन्नच धरलं जातं. त्यावर आयकरच नाही, तर वाचणार काय? (तयार रोपं बाहेरून आणून विकत असाल तर तो व्यापार, त्याची वही वेगळी ठेवा.) जीएसटीचंही तसंच. रोपं करमुक्त असल्यामुळे मशीनवर भरलेले 70 हजार परत वळते होत नाहीत. म्हणून किंमत 14 लाख नाही, 14 लाख 70 हजार धरा.

नेदरलँड्सचा व्हिडिओ तुम्ही मला पाठवलात, मीही दोनदा पाहिला. लांबच लांब काचघर आणि त्यात माणूस शोधून सापडत नाही. पण तिथे किमान मजुरी तासाला 14 युरोंच्या वर आहे. तुमच्याकडे तीन बायांचा दिवसभराचा रोज मिळून तेवढी रक्कम तिथे एका तासात जाते. तिथलं गणित इथे आणून कसं जमेल?

मशीनच्या बाजूने एक गोष्ट मात्र खरी आहे, आणि ती विक्रेत्याने सांगितलीच नाही. कांदा लागवडीच्या दिवसांत बाया मिळत नाहीत, पेरणीची तारीख चुकते आणि शेतकरी शेजारच्या नर्सरीत जातो. तुमचे किती ट्रे यामुळे गेले? गेल्या दोन हंगामांच्या बुकिंगच्या वह्या काढा आणि मोजा. आकडा मोठा निघाला तर माझं मत बदलेल.

आज मी हे कर्ज घेऊ नका असंच सांगेन. मुलीच्या एफडीला तर हातही लावू नका. दीड-दोन वर्षांत तिची फी भरायची वेळ येईल. त्याच विक्रेत्याकडे हाताने चालवायचा व्हॅक्यूम सीडर (हवेच्या ओढीने बी उचलून कप्प्यांत टाकणारं यंत्र) 1 लाख 60 हजारांना आहे, असं तुम्हीच फोनवर सांगितलंत. त्यावर एका बाईचे दिवसाला 80 चे 160 ट्रे झाले तर वर्षाला 375 रोज वाचतात, 1 लाख 69 हजार. एका वर्षात फिटतो, तोही हंगामाच्या रोख पैशातून. 160 च्या ऐवजी 120 च झाले तरी दोन वर्षांच्या आत.

वहिनींच्या प्रश्नाला आकड्यांत उत्तर देतो. वाचलेले रोज कलमी रोपांकडे वळवा. रानवांग्याच्या खुंटावर टोमॅटो-वांग्याचं कलम करायला ब्लेड, क्लिप आणि सराईत बोटं लागतात, आणि अकरा वर्षं इवली रोपं हाताळलेली बोटं तुमच्याकडे आहेत. आधी दोघींना शिकवा, हजारभर कलमं करून किती जगतात ते पाहा, मग दर ठरवा. कोणाला कमी करायचीच वेळ आली तर हंगाम संपल्यावर नव्हे, सुरू होण्याच्या दोन महिने आधी सांगा, म्हणजे तिला दुसरीकडे काम धरता येईल. आणि नऊजणींचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा (अपघाताचा, वर्षाला 20 रुपये) आणि पन्नाशीच्या आतल्या सातजणींचा प्रधानमंत्री जीवनज्योती विमा (आयुर्विमा, वर्षाला 436 रुपये) तुम्ही भरा. दोन्हींत 2 लाखांचं संरक्षण आहे. वर्षाचे 3,232 रुपये, एका दिवसाच्या मजुरीपेक्षाही कमी.

सीडर घेण्याआधी चाचणी मागा. तुमचे शेतकरी स्वतःची पाकिटं आणून देतात, म्हणजे दर दहा ग्रॅमला वाण बदलणार आणि दर वेळी सेटिंगही. त्यातून झेंडूच्या बीला शेपटी, ते नोझलला अडकतं नाहीतर जोडीने उचललं जातं. चाचणीला बी तुमच्या शेतकऱ्याचं न्या, विक्रेत्याकडचं निवडक नको, आणि तासाला किती ट्रे झाले ते तुम्ही स्वतः घड्याळ लावून मोजा.